भिंतीचेही एकदा ऐका

भिंतीला कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिला जीभही असते, हे मला मात्र चाळिशी उलटल्यावर कळले, आणि तेही थोडे हात पोळल्यावर. आजचा विषय तसा घरगुतीच आहे. टीव्हीचा संच भिंतीवर टांगायचा, तर त्यासाठी जी लोखंडी चौकट लागते, बाजारात जिला वॉल माउंट किंवा नुसते ब्रॅकेट म्हणतात, ती निवडायची कशी आणि बसवायची कशी, एवढाच.

रेडिओने टीव्हीची चिंता का वाहावी, असे कुणी विचारील. पण नाते घरातलेच आहे. आपले पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी, आणि मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तारीख एकच, अंतर एकोणीस वर्षांचे. तेव्हा धाकट्या भावाचे बिऱ्हाड नीट लागले की नाही, हे थोरल्याने एकदा डोकावून पाहावे, यात वावगे काही नाही.

हा धाकटा पुण्यात आला तेव्हा चांगला अंगापिंडाने भरलेला होता. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला आणि पेठांतल्या गच्च्यांवरच्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खाली दिवाणखान्यात संच असायचा तो सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत, चार पायांवर, डोक्यावर क्रोशाचे कापड आणि त्यावर फुलदाणी. पुढे मोठे रंगीत संच आले. ते उचलायला दोन माणसे लागत. पण ते सारे वजन मेज सोसत होते आणि मेजाचे वजन जमीन. भिंत बिचारी मागे उभी राहून बघत असे.

आता संच चपटा झाला, हलका झाला. आजच्या ४३ इंची संचाचे वजन साधारण ७ ते १० किलो भरते, ५५ इंचीचे १२ ते १८ किलो. हलका झाला म्हणून तो जमिनीवरून उठला आणि भिंतीवर जाऊन बसला. संच बदलला हे आपल्या लक्षात आले. भार सोसणारा बदलला, हे मात्र आले नाही. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

माझेच सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही ५५ इंची संच घेतला. घेण्यापूर्वी महिनाभर चौकशी केली. चित्र किती ठळक, आवाज कसा, हप्ता किती, सगळे विचारून झाले. स्वयंपाकघरातूनही दिसावा म्हणून पुढे ओढता येणाऱ्या, वळवता येणाऱ्या हाताचे ब्रॅकेट घेतले. दुसऱ्या दिवशी एक चटपटीत मुलगा आला. वीस मिनिटांत चार भोके, चार गिट्ट्या, चार स्क्रू. जाताना म्हणाला, "सर, बिनधास्त राहा. दिवसाला दहा बसवतो."

तीन आठवडे गेले. दुपारी टीव्हीखालच्या दिवाणावर पडायची आईची सवय. एक दिवस ती म्हणाली, "अरे, हा टीव्ही माझ्याकडे वाकून बघायला लागलाय." आम्ही हसलो. चष्मा पुसून घे, असेही कुणीतरी म्हणाले. दोन दिवसांनी ती पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा मी स्टुलावर चढून पाहिले. चौकटीची वरची कड भिंतीपासून बोटभर सुटली होती. एक स्क्रू हाताने ओढला, तो गिट्टीसकट बाहेर आला आणि त्याच्यामागून रांगोळीसारखी पांढुरकी पूड खाली सांडली. त्याच जागी, दिवाणाला पाठ टेकून, माझी मुलगी रोज अभ्यासाला बसते. संच खाली उतरवला तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि ते त्याच्या किमतीपायी नव्हे.

मग एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी संचाकडे पाहिलेसुद्धा नाही. बाजारात कलिंगड वाजवून बघतात तशी त्यांनी बोटाची पेरे भिंतीवर वाजवली. इथे, तिथे, खाली, वर. मग मला म्हणाले, "टीव्हीचं सगळं विचारलंत सर. हिला काही विचारलंत का?"

श्रोतेहो, आजचे माझे सगळे बोलणे या एका प्रश्नात आहे. ब्रॅकेटची निवड संचाकडून सुरू करायची नसते, भिंतीकडून करायची असते. चौकट कितीही भक्कम असो, तिचा जोर तिच्या मागच्या दीड-दोन इंचांत काय आहे यावर ठरतो.

आणि पुण्यात ही चौकशी करणे फार जरुरीचे आहे. कारण आपल्या शहराइतक्या नाना परींच्या भिंती एका ठिकाणी क्वचितच सापडतील. जुन्या पेठांतला वाडा घ्या. खाली दगडी जोते, वर लाकडी खांब आणि तुळया, आणि मधल्या जागेत वीट नाहीतर मातीचे भेंडे. तिथे बराचसा भार लाकूड वाहत असे. शनिवारवाड्याच्या इमारती १८२८ च्या आगीत जळून गेल्या आणि जोती मागे राहिली, ती म्हणूनच. अशा वाड्यात वस्तू टांगायला खुंटी असे. पण ती भिंत बांधतानाच तिच्यात पुरलेली असे. दिवा ठेवायला कोनाडा असे, तोही भिंतीबरोबरच जन्मलेला. थोडक्यात, भिंतीला आपल्यावर काय येणार आहे ते आधी ठाऊक असे. आपण तिच्यावर नंतर येऊन जे लादतो, ते तिला न विचारता.

मातीच्या भिंतीचे दुसरे दुखणे ओल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तेव्हा कितीतरी वाडे पाण्याच्या लोंढ्याने पडले, आणि कितीतरी मातीच्या भिंती भिजून खचल्या. आजही ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, पोपडे धरतात, तिथे स्क्रू आणि वीज दोन्ही नेऊ नयेत.

पुरानंतर शहर पसरले. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या, पुढे कोथरूड, बिबवेवाडी भरत गेली. या काळातल्या बऱ्याच घरांत भाजक्या विटेची भिंत सापडते; बाहेरची नऊ इंची, आतली साडेचार इंची. टीव्हीच्या दृष्टीने चांगली, सोशिक भिंत. मात्र आतल्या पातळ भिंतीत फार खोल शिरू नये, नाहीतर पलीकडच्या खोलीत गिलावा उडतो.

त्यानंतर आली हलक्या ठोकळ्यांची भिंत. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा राख यांच्या लगद्यात वायूचे बुडबुडे तयार करायचे आणि तो वाफेच्या दाबाखाली शिजवायचा. आतून तो पावासारखा जाळीदार होतो. स्वीडनमध्ये योहान अक्सेल एरिक्सन या वास्तुविशारदाने १९२० च्या दशकात ही युक्ती काढली. पुण्याला ती जुनी ओळखीची आहे, कारण बी. जी. शिर्के यांच्या कंपनीने १९७० च्या दशकात ती सिपोरेक्स या नावाने इथे आणली, आणि अजूनही पुष्कळ पुणेकर अशा कुठल्याही ठोकळ्याला सिपोरेक्सच म्हणतात. हा ठोकळा हलका, उन्हाळ्यात घर थंड ठेवणारा, गुणाचा. त्याच्या एका घनमीटरचे वजन साधारण ६०० किलो, विटेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. कोरडा ठोकळा पाण्यात टाकला तर तरंगतो! पण जो तरंगतो त्याच्याकडून विटेसारखी पकड मागणे अन्याय आहे. आमच्या घरची भिंत याच जातीची निघाली. दोष तिचा नव्हता. विटेची गिट्टी तिच्यात ठोकणाऱ्याचा होता, आणि न विचारणाऱ्या माझा.

शेवटची जात अगदी नवी. वाकड, हिंजवडी, खराडीकडच्या कित्येक उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून अख्ख्या भिंती उभ्या केल्या जातात. या भिंती पकडीला उत्तम. पण तिथे भिंत हीच इमारतीचा कणा असते आणि तिच्या पोटात सळया असतात. भोक पाडताना बिट लोखंडाला लागले, तर जोर न करता थांबावे आणि भोक थोडे सरकवावे. सळई कापून टीव्ही लावणे म्हणजे फांदीवर बसून तीच तोडणे.

आता आपली भिंत यातली कोणती, हे ओळखायचे कसे? मिस्त्रींनी मला दोन परीक्षा शिकवल्या. पहिली कानाची. भिंतीवर ठकठक करावी. काँक्रीट आणि भरीव वीट जवळजवळ मुकी असते, बोटालाच लागते. हलका ठोकळा किंचित बोदा बोलतो. जिप्समचा पडदा किंवा लाकडी पॅनेल असेल तर ढोलकीसारखा आवाज येतो. दुसरी परीक्षा डोळ्याची, आणि ती जास्त खरी. जी जागा ब्रॅकेटमागे झाकली जाणार आहे तिथे एक बारीक भोक पाडावे आणि पुठ्ठ्याचा तुकडा धरून पडणारी पूड बघावी. सुरुवातीची पूड गिलाव्याची, ती सोडून द्यावी. पुढची पूड तांबडी आली तर वीट. राखाडी, बारीक, आणि बिट कण्हत कण्हत आत जात असेल तर काँक्रीट. पांढुरकी, मऊ, आणि बिट लोण्यात सुरी शिरावी तसे शिरले तर हलका ठोकळा. मातकट निघाली तर मातीची भिंत. तिथे संच टांगायचा विचार सोडावा आणि पूर्वजांप्रमाणे मेज आणावे.

भिंतीची साक्ष झाली की चौकटीकडे वळायचे. बाजारात मुख्य जाती तीन. पहिली स्थिर, संच भिंतीला जवळजवळ चिकटून राहतो. दुसरी कलती, संच थोडा खाली झुकवता येतो. तिसरी हाताची, संच पुढे ओढता येतो, बाजूला वळवता येतो. दुकानात तिसरी सगळ्यांत आकर्षक दिसते. पण इथे शाळेत शिकलेली तरफ आठवावी. समजा, संच १५ किलोचा आहे आणि चौकटीच्या वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर आहे. संच भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटू पाहणारा ओढा होतो सुमारे पावणेचार किलोंचा. तोच संच हाताने ५० सेंटिमीटर पुढे ओढला, की ओढा होतो साडेसदतीस किलोंचा. संच तोच, वजन तेच, ओढा दहापट! शिवाय हात लांबवताना आपण जो हिसका देतो तो वेगळाच. पाण्याची बादली अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे वेगळे गणित मांडायला नको.

म्हणून विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर हाताचे ब्रॅकेट जरूर लावा. हलक्या ठोकळ्यांवर शक्यतो स्थिर किंवा कलते घ्या. खोली अडचणीची असेल आणि संच वळवावा लागतच असेल, तर खर्च भिंतीच्या तयारीवर करा, चौकटीच्या चकाकीवर नको.

चौकट घेताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. संचाच्या पाठीवर चार भोके असतात. त्यांतले आडवे आणि उभे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. हे अंतर जगभर ठरवून दिलेले आहे आणि त्या मापाला वेसा म्हणतात. लहान पडद्यांना १०० बाय १००, मधल्यांना २०० बाय २००, पुढे ४०० बाय ४०० पर्यंत आणि त्याहून मोठे. हे आकडे संचाच्या पुस्तिकेतही असतात आणि ब्रॅकेटच्या खोक्यावरही. ते जुळले पाहिजेत. दुसरी गोष्ट, चौकट किती वजन सोसते तो आकडा. संचाच्या वजनाच्या निदान दुप्पट असावा, आणि तो किलोत आहे की पौंडांत हे चष्मा लावून वाचावे. एका किलोत २.२ पौंड होतात. चाळीसचा आकडा बघून आपण निश्चिंत होतो आणि तो असतो अठरा किलो! तिसरी, संचाच्या पाठीत जाणारे स्क्रू. लहान संचांना बहुधा ४ मिलिमीटर जाडीचे, मोठ्यांना ६ किंवा ८ मिलिमीटरचे लागतात. लांबीला कमी पडले तर धरत नाहीत, जास्त झाले तर आत जाऊन पडदाच फोडतात. ते हातानेच फिरवावेत. अडला की थांबावे.

चौकट लटकवायची तर भिंतीला धरायचे कशाने? इथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह होतो. पूर्वी भिंतीत चौकोनी खाच खणून लाकडी गुल्ली ठोकत आणि तीत स्क्रू पिळत. १९११ च्या सुमारास लंडनमध्ये जॉन रॉलिंग्ज नावाच्या गृहस्थांपुढे ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचे सामान लावण्याचे काम आले, आणि भिंती तर खराब करायच्या नव्हत्या. त्यांनी तागाच्या धाग्यांची बारीक नळी केली. लहान भोकात ती बसवायची आणि आत स्क्रू पिळला की ती फुगून भिंतीला धरते. तिचेच नाव रॉलप्लग; आपल्या हार्डवेअरच्या दुकानात अजून कुणी कुणी रावळप्लग म्हणतात. पुढे १९५८ मध्ये जर्मनीतल्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची नळी काढली आणि ती जगभर गेली. आपण जिला गिट्टी म्हणतो ती हीच.

ध्यानात घेण्याचे तत्त्व इतकेच, की ही नळी फुगून धरते. म्हणजे भोवतालचा पदार्थ तिला तोंड देणारा हवा. विटेला आणि काँक्रीटला साधी चांगली नायलॉनची गिट्टी पुरते. मोठ्या संचाला काँक्रीटमध्ये लोखंडी अँकर बोल्टही लावता येतो. पण हाच बोल्ट हलक्या ठोकळ्यात घातला तर तो फुगताना ठोकळ्यालाच भेग पाडतो. तिथे या ठोकळ्यांसाठी खास केलेली, लांब आणि खवल्यांची गिट्टी लागते, नाहीतर भोकात चिकट रसायन भरून बसवायचा अँकर. मागायला गेलात तर दुकानदाराला भिंत कसली आहे ते आधी सांगा. आमच्या मिस्त्रींनी एक आणखी केले. १९ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा फळा दहा ठिकाणी अशा लांब गिट्ट्यांनी भिंतीला जखडला, आणि चौकट त्या फळ्यावर लावली. चौघांवरचा भार दहा जणांत वाटला गेला. फळ्याला भिंतीचाच रंग दिला. सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे येऊ. पहिला प्रश्न उंचीचा. आपल्याकडे टीव्ही लावतात तो आजोबांच्या तसबिरीच्या रांगेत. तसबिरीला नमस्कार करायचा असतो, ती वर शोभते. टीव्हीकडे तास-दोन तास बघायचे असते, आणि मान वर करून बघितले की दुसऱ्या दिवशी मानेला शेक घ्यावा लागतो. बसल्यावर आपली नजर जिथे सरळ पडते तिथे पडद्याचा मध्य यावा. कोचावर बसणाऱ्याचा डोळा जमिनीपासून साधारण ११० सेंटिमीटरवर असतो, मांडी घालून खाली बसणाऱ्याचा त्याहून फूटभर खाली. घरात कोण कुठे बसते ते पाहून मधला मार्ग काढावा. सोपा उपाय असा, की वर्तमानपत्रे चिकटवून संचाच्या मापाचा कागद करावा. ५५ इंचीचा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६९ सेंटिमीटर उंच. तो भिंतीवर लावून दोन दिवस त्याच्याकडे बघत बसावे. घरचे हसतील. हसू द्यावे. कागद सरकवता येतो, भोक सरकवता येत नाही. अंतराचा अंदाजही यातच येतो. पडद्याच्या कर्णाच्या दीड ते दोन पट लांब बसले की डोळ्याला सुख होते.

दुसरा प्रश्न भिंतीच्या पोटातल्या तारांचा आणि नळांचा. विजेची बटणे आणि प्लग यांच्या सरळ वर, सरळ खाली तारा गेलेल्या असतात. त्या रेषेत भोक पाडू नये. पलीकडे न्हाणीघर असेल तर पाण्याचा नळ कुठून गेला आहे हे आधी विचारावे. भोक पाडण्यापूर्वी त्या भिंतीच्या तारांची वीज मुख्य बटणावरून बंद करावी आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वीज घ्यावी. संचाला लागणारा प्लग, केबलचे डबडे, तारांची तोंडे चौकटीमागे अडकून बसणार नाहीत ना, हे संच टांगण्यापूर्वी पाहावे. आमच्या ओळखीच्या एका घरात संच सुंदर लागला आणि मग लक्षात आले, की प्लग त्याच्या बरोब्बर मागे अडकला आहे!

मग पाणसळ घेऊन आडवी रेघ मारावी. गवंड्याची पाणसळ नसेल तर आजकाल मोबाइलमध्येही ती सोय असते. डोळ्यावर विसंबू नये. आपल्या छताच्या आणि फरशीच्या रेघा नेहमीच सरळ असतात असे नाही. गिट्टी ज्या मापाची त्याच मापाचे बिट घ्यावे. वीट आणि काँक्रीट यांत ड्रिलचा ठोका चालू ठेवावा. हलक्या ठोकळ्यात तो बंद ठेवून नुसते फिरवावे, नाहीतर भोक बिटापेक्षा मोठे होऊन बसते. आणि गिलाव्याचा हिशेब विसरू नये. आतला गिलावा बारा ते वीस मिलिमीटर असतो. चाळीस मिलिमीटरची गिट्टी त्याच्या तोंडाशीच ठेवली, तर निम्मी गिलाव्यात राहते, आणि गिलावा काही धरीत नाही. गिट्टी अख्खी विटेत गेली पाहिजे, स्क्रू तेवढा लांब हवा, आणि शक्यतो दोन विटांमधल्या सांध्यात भोक येऊ नये. भोकातली पूड फुंकून काढावी. सायकलचा पंप त्याला उत्तम. पुण्यात घरटी सायकल होती त्या काळातला पंप माळ्यावर असेलच.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मालकाला विचारल्याशिवाय भोके पाडू नयेत. अकरा महिन्यांचा करार आणि अनामत रकमेचा वाद, दोन्ही गोष्टी पुण्यात ठाऊक आहेत. त्यांनी संच मेजावर ठेवावा. मात्र घरात लहान मूल असेल तर पट्ट्याने तो मेजाला बांधावा आणि मेज जड, बुटके घ्यावे. मूल पडदा धरून उभे राहू पाहते आणि संच त्याच्या अंगावर येतो, असे अपघात होतात. भिंतीवर लावण्याचा खरा फायदा शोभेचा नाही, हा आहे. पण तो नीट लावला तरच. आणि भोके कुणीही पाडोत, दुपारी एक ते चार पाडू नयेत. वामकुक्षी घेणारा शेजारी भिंतीपलीकडे असतो, आणि त्या भिंतीला मात्र खरोखरच कान असतात.

आता शेवटची परीक्षा. चौकट लागली की लगेच संच चढवू नका. मिस्त्रींनी माझ्याकडून एक मोठी बादली मागून घेतली. तिच्यात पंधरा लिटर पाणी भरले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; तेव्हा संचाइतके वजन झाले. चौकट स्थिर होती, म्हणून एकाच्या दोन बादल्या केल्या आणि जाड दोरीने तिला अशा टांगल्या, की जमिनीपासून वीतभरच वर राहाव्यात. निखळल्याच तर फरशी ओली होईल, एवढेच. चौकटीच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि म्हणाले, "राहू दे रात्रभर." हाताचे ब्रॅकेट असेल तर एकच बादली, हात पूर्ण बाहेर ओढून, आणि कोणत्याही परिस्थितीत चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापलीकडे जायचे नाही. सकाळी रेघ जिथल्या तिथे होती. कड केसभरही सुटली नव्हती. मग संच चढवला.

मिस्त्रींनी रात्रभर थांबण्याचे जे कारण सांगितले ते मला पटले. चुकीची गिट्टी पहिल्या मिनिटाला निसटत नाही. ती दर दिवशी थोडी थोडी सुटते. बसवणारा गेलेला असतो, पावती फाईलला लागलेली असते, आणि भिंत हळूहळू आपले म्हणणे सांगत असते. गिलाव्याला एक बारीक भेग, चौकटीखाली चिमूटभर पूड, संचाची किंचित झुकलेली मान. ते सहा महिन्यांतून एकदा, झाडताना-पुसताना, कुणीतरी ऐकायला हवे. आळंदीला ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या घरातल्या भिंतींनी जागच्या जागी उभे राहून भार वाहावा, एवढीच आपली अपेक्षा. मग भार घालण्यापूर्वी त्यांना विचारायला काय हरकत आहे?

आमच्या घरी टीव्ही आता पूर्वीपेक्षा हातभर खाली आहे आणि स्वयंपाकघरातून दिसत नाही. दिवाणही समोरच्या भिंतीला सरकवला आहे. आई दुपारी तिथे पडते. परवा मी तिला सहज विचारले, "आता वाकून बघत नाही ना?" ती म्हणाली, "नाही रे. पण मी बघते हो अधूनमधून त्याच्याकडे." आणि खरे सांगायचे तर, श्रोतेहो, त्या घटनेपासून मीही बघतो. तुम्हीही आज रात्री बातम्या ऐकून झाल्या, की पडदा बंद करून दोन मिनिटे त्याच्यामागच्या भिंतीकडे बघा.